माझ्या बाजूचा ब्रेक

२ जानेवारी

ही डायरी मेहुण्याने दिली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आधी तो पंखे विकायचा, आता ध्येयं विकतो. लोकांना हॉलमध्ये बसवून आयुष्यात काय करायचंय ते लिहायला लावतो आणि मध्यंतरात बिस्किटं देतो. काल खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मला आणि बायकोला बोलावलं होतं.

मी मनापासून लिहायला बसलो. पोट कमी करणे, पहाटे उठणे, माउथ ऑर्गन शिकणे, वाहतुकीवर पुस्तक लिहिणे, ड्रायव्हिंग स्कूलची दुसरी शाखा काढणे, शिकणाऱ्यांवर न ओरडणे, बायकोला गाडी शिकवणे. आणखी एक कागद मागितला तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, टाकीत पाणी तेवढंच आहे. तुम्ही नळ किती बसवताय? एक ठेवा, बाकीचे बंद करा."

बायकोने एकच ओळ लिहिली होती आणि ती तिने सगळ्यांसमोर वाचून दाखवली: मार्च संपायच्या आत गाडीचं लायसन्स. ती फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांचं हॉस्पिटल एप्रिलपासून पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणारा नवा विभाग काढतंय आणि त्याची प्रमुख तिला करणार आहेत. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या कानात म्हटलं, "अगं, हे कसलं ध्येय? मी घरात असताना ते आपोआप होणार."

एवढं म्हणून मी माझ्या कागदावरची बायकोची ओळ खोडली. एक नळ बंद.

५ जानेवारी

ध्येय ठरलं. न ओरडणे.

माझा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. पण माझ्या खुर्चीत बसून बघा म्हणजे कळेल. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव माझा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला माझ्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला असतो खरा, पण तो अगदीच गळ्याशी आलं तर वापरायचा. एरवी आवाजावरच भागवायचं. शिकणारे पाठीमागे मला सायरन म्हणतात, असं बायकोने सांगितलं. दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे शिकतात. त्यांनी तर तोंडावर सांगितलं, "सर, तुम्ही ओरडलात की मला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला तेच आठवत नाही."

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, सगळी ऊर्जा तिथे लावा, भावोजी. लावली.

२० जानेवारी

अवाजवी स्तुती नको, पण मी बदललो आहे. काल डॉक्टरीणबाईंनी चौकात भाजीच्या हातगाडीच्या दिशेने गाडी नेली. मी ओठ मिटून हसतमुख बसलो. गाडी हातगाडीपासून व्यवस्थित लांब, आपली आपणच थांबली. भाजीवालाही काही बोलला नाही. शांततेचा परिणाम समोरच्यावर होतो म्हणतात ते खरं असावं.

त्या म्हणाल्या, "सर, गाडी हल्ली मध्येच अडखळते का हो?" मी गोड आवाजात म्हटलं, "क्लच हळू सोडा."

२६ जानेवारी

गाडी मेकॅनिककडे टाकली. ब्रेकचे पॅड पार घासले आहेत. दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, "सर, आत्ताच तर बदलले होते. डोंगरावर चालवता का रोज?" हल्ली माल चांगला येत नाही. दुसऱ्या कंपनीचे टाकायला सांगितले.

पोट तसंच आहे. पण तो नळ बंद आहे, त्यामुळे वाईट वाटून घेतलं नाही.

१ फेब्रुवारी

रविवार. गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर बायकोचा धडा घेतला. ती तशी हुशार आहे, आरसे बघते, सिग्नल देते, पण गाडी मध्येच बंद पाडते. आज तर समोर काहीही नसताना, म्हणजे एक कबुतर होतं, गाडी गचकन थांबली.

"मी नाही थांबवली," ती म्हणाली.

"मग कोणी थांबवली? क्लच हळू सोड," मी शांतपणे म्हटलं. पूर्वी ह्या प्रश्नाने खिडकीच्या काचा हादरल्या असत्या.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान चोळत म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्ही ओरडायचात ते बरं होतं." बायकांचं काही कळत नाही. वर्षानुवर्षं हळू बोला, हळू बोला म्हणून मागे लागायचं आणि हळू बोललं की हे.

१३ फेब्रुवारी

मेहुण्याने मला व्यासपीठावर उभं केलं! एका ध्येयावर लक्ष केंद्रित केल्याचं जिवंत उदाहरण म्हणून. मी सांगितलं की आता माझ्या डोळ्यांदेखत कुणी उलट्या दिशेने गल्लीत घुसलं तरी मी हूं की चूं करत नाही. एकाने विचारलं, "मग तो राग जातो कुठे?" मी म्हटलं, "विरतो." मोठ्या टाळ्या पडल्या.

बायको पहिल्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, मान एकदा ह्या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे वळवत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, तिला पंधरवडाभर मानेचे व्यायाम करावे लागताहेत. इतके दिवस दुसऱ्यांच्या माना सांभाळणाऱ्या बाईची मान कशाने धरली कोण जाणे. कामाचा ताण असेल.

२६ फेब्रुवारी

बायकोची परीक्षा झाली. नापास. सविस्तर उद्या लिहीन. आज डोकं ठिकाणावर नाही.

२७ फेब्रुवारी

आता शांतपणे लिहितो.

परीक्षेत शिकणारा स्टिअरिंगवर, शिकवणारा शेजारी आणि परीक्षक मागे, असा आमचा नियम आहे. शिकवणाऱ्याने तोंडही उघडायचं नाही आणि पायही हलवायचा नाही. तो आपल्या बाजूचा ब्रेक दाबतोय का हे परीक्षकाला कळावं म्हणून डॅशबोर्डखाली एक भोंगा असतो. माझ्या पेडलला पाय लागला की तो वाजतो. रोज तो कोण ऐकणार, कान किटतात, म्हणून त्याचा खटका एरवी बंद ठेवतो आणि फक्त परीक्षेच्या दिवशी चालू करतो.

कालचे परीक्षक म्हणजे खोकल्याची गोळी चघळणारे, कमी बोलणारे गृहस्थ. बायकोने गाडी झकास काढली. पहिल्या वळणावर भोंगा वाजला. दूधवाल्याच्या सायकलजवळ वाजला. बस शेजारून गेली तेव्हा वाजला. शाळेच्या फाटकापाशी तर असा वाजत राहिला की पोरं खिडकीतून बघायला लागली. बायको समोर बघत गाडी चालवतच होती, पण तिचे कान लाल झाले होते. शेवटी परीक्षकांनी गोळी गालात सरकवली आणि म्हणाले, "बाई, गाडी बाजूला घ्या. आज गाडी तुम्ही चालवलीच नाहीत."

मी उतरून त्यांना समजावलं की भोंगा खराब आहे. तारा सैल झाल्या असणार, दमट हवा आहे. माझा पाय जागचा हलला नव्हता, वाटल्यास शपथ घेतो. ते म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या अखेरीला परत या."

घरी आल्यावर बायकोने कॅलेंडरवर मार्चच्या शेवटच्या तारखेभोवती गोल काढला. ३१ मार्चपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत. मीही भोंग्यावर इतका चिडलोय की काय सांगू.

३ मार्च

मेकॅनिकने भोंगा खोलून दाखवला. नवा कोरा असल्यासारखा आहे म्हणाला. तारा पक्क्या. पेडल पक्कं. "आणि सर, पॅड परत गेलेत," तो हळूच म्हणाला. मी त्याला म्हटलं की तुला तुझं काम येत नाही. ओरडलो मात्र नाही.

४ मार्च

मेकॅनिकने भोंग्याचा खटका चालूच ठेवला होता. मला ते डॉक्टरीणबाईंचा धडा सुरू झाल्यावर कळलं, कारण गाडी गेटमधून बाहेर पडायच्या आधीच तो वाजला.

मी खटका बंद करायला वाकलो. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो सर, बघू तरी केव्हा वाजतो ते." त्या शांतपणे गाडी चालवत राहिल्या. कुत्रं दिसलं, भोंगा वाजला. म्हातारे गृहस्थ फुटपाथवर, फुटपाथवरच उभे होते, भोंगा वाजला. सिग्नल हिरवा झाला तरी वाजला. मी खाली बघितलं. पाय माझा होता. बूट माझा होता. पेडल तळाशी टेकलेलं होतं. आणि खरं सांगतो, मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

त्यांनी गाडी बाजूला लावली. हसू दाबत म्हणाल्या, "सर, माझ्या खुर्चीत दोन प्रकारची माणसं बसतात. काही ओरडतात. काही अगदी शहाण्यासारखी तोंड उघडून गप्प असतात, पण त्यांचे पाय हवेत उचललेले असतात. तुम्ही पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात गेलात, एवढंच झालंय."

माझा राग विरला नव्हता, फक्त खाली उतरला होता. टाळ्या घेतल्या त्या सभेची आठवण येऊन मला पाणी प्यावंसं वाटलं.

५ मार्च

बायकोला सांगितलं. ती हॉस्पिटलमधून येऊन चपला काढत होती. मी म्हटलं, "भोंगा खराब नव्हता."

"माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कबुतरापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, क्लच हळू सोड."

मला शरमेने मान वर करता येईना. तिने चहा टाकला, पण एकच कप. ते मला चांगलंच लागलं. तिच्या आयुष्यातली पहिली मोठी जागा माझ्या बुटाखाली आली होती आणि मी व्यासपीठावर उभा राहून प्रवचन देत होतो.

१० मार्च

नवं आणि एकमेव ध्येय: उजवा पाय.

ऐकायला सोपं वाटतं. परवा पेडलवर उशी ठेवून बघितली, पायाने उशीसकट दाबलं. काल बूट काढून बसलो, अनवाणी पाय जास्तच चपळ निघाला. आज पाय सीटच्या दांड्याला मफलरने बांधला. पहिल्याच ट्रकला डावा पाय मदतीला धावून आला. मेकॅनिकला म्हटलं, माझ्या बाजूचा ब्रेकच काढून टाक. तो म्हणाला, काढला तर गाडी परीक्षेला उभीसुद्धा करणार नाहीत.

बायको म्हणाली, पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घालते. मी तिथे स्वतः जाऊन विचारून आलो, अभिमान गिळून. त्यांच्याकडे एप्रिलशिवाय तारीख नाही. त्यांनी मला ओळखलं आणि चहा पाजला. तो कसा घशाखाली उतरला ते माझं मला माहीत.

१६ मार्च

गोदामांच्या मागे धडा. भोंगा चालू. जरा कमी वाजला, पण वाजला. बायकोने इंजिन बंद केलं आणि सरळ विचारलं, "अहो, मी चुकेन म्हणून तुम्ही घाबरता, की मला जमेल म्हणून?"

मी म्हटलं, कसला विचित्र प्रश्न. अर्थात चुकशील म्हणून. रस्त्यावर केवढी वाहनं असतात.

"मी आजवर एकदा तरी कुणाला धडक दिलीय?"

"दिली नाहीस. कारण मी ब्रेक..." इतकं बोलून मी थांबलो.

घरी येऊन विचार करत बसलो. लग्न झाल्यापासून ती माझ्या शेजारी बसत आली आहे. बाजार असो, लग्न असो, तिच्या हॉस्पिटलचं दार असो, मी सोडायचो आणि मी आणायचो. "कितीला येऊ?" असं मी रोज विचारायचो. एप्रिलपासून ते विचारायची गरज उरणार नाही. ती कुठल्या तरी अनोळखी घरासमोर स्वतः गाडी लावेल, आत जाऊन कुणाला तरी उभं करेल, आणि ते घर कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नसेल. मला त्याची भीती वाटते. लिहिताना लाज वाटतेय, पण वाटते. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

१७ मार्च

सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी संध्याकाळी येऊन सांगेन ना, कुठे गेले होते ते. आजवर तुम्ही विचारलंयत कधी की मी दिवसभर काय करते? कितीला येऊ, एवढंच विचारता."

चहा दोन कप होता.

२१ मार्च

मेहुणा आला. त्याला सगळं कळलं होतं, बहिणीनेच सांगितलं असणार. तरी उत्साह तोच. "भावोजी, अपयश म्हणजे नवी संधी. पुढच्या महिन्यात तुम्ही व्यासपीठावर हीच गोष्ट सांगा, लोक रडतील. आणि आता नवं ध्येय घेऊ. पुस्तक?"

मी म्हटलं, "तुझी टाकी आणि तुझे नळ घेऊन घरी जा." जरा मोठ्यानेच म्हटलं. समोरच्या इमारतीच्या खिडकीतलं मांजर आत गेलं. फार बरं वाटलं. आणि संध्याकाळच्या धड्याला भोंगा एकदाच वाजला.

बायको म्हणाली, "रोज निघायच्या आधी कुणावर तरी ओरडून घेत जा." सध्या सकाळी न्हाणीघरात जाऊन बादलीवर ओरडतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, सगळं ठीक आहे ना.

२८ मार्च

काल परीक्षा होती.

तेच परीक्षक, तीच गोळी. मी खटका चालू केला, पट्टा लावला आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. पोट मध्ये येत होतं, त्यामुळे ती मांडी कमी आणि गाठ जास्त झाली. परीक्षक मागून वाकून बघत म्हणाले, "हे काय?"

"साहेब, तोंड उघडायचं नाही आणि पाय हलवायचा नाही, असा नियम आहे. मांडी घालायची नाही असं कुठे म्हटलंय?"

त्यांनी गोळी दुसऱ्या गालात सरकवली. "चला," म्हणाले.

बायकोने गाडी काढली. पहिलं वळण. बस. शाळेचं फाटक. भोंगा गप्प. माझे पाय मांडीतच चुळबुळ करत होते, पण त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती आणि ओठ दातांखाली. एवढा गप्प मी जन्मात बसलो नसेन.

बाजारपेठेत दोन उभ्या टेम्पोंच्या मधून अचानक एक गादी बाहेर आली. डोक्यावर गादी घेतलेला माणूस असणार, पण दिसत होती फक्त गादी आणि खाली दोन पाय. मी मांडी सोडायला गेलो. उजवा पाय डाव्यात अडकला, डावा पट्ट्यात. मी काही म्हणता काहीच करू शकत नव्हतो. मी डोळे मिटले.

गाडी थांबली. गचका नाही, किंकाळी नाही, भोंगा नाही. डोळे उघडले तर गादी आमच्यासमोरून डुलत चालली होती आणि बायको मागच्या आरशात बघून, कुणी जवळ आलेलं नाही ना, याची खात्री करत होती. तिने गादी जाऊ दिली, गिअर टाकला आणि निघाली. जणू काही झालंच नव्हतं. आणि तिच्या दृष्टीने खरोखरच काही झालं नव्हतं. एक गादी आली, गेली.

मला त्या क्षणी तिचं इतकं कौतुक वाटलं की ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही.

परीक्षकांनी कागदावर सही केली, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "छान." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीपण." मी उतरायला गेलो तर दोन्ही पाय बधिर. परीक्षकांनी एक हात धरला, बायकोने दुसरा, आणि मला बाहेर ओढून कठड्याशी उभं केलं. बायकोने सवयीने गुडघ्याखाली दाबून बघितलं आणि म्हणाली, "मुंग्या आल्यात. दोन मिनिटं जागेवर चाला."

मी जागेवर चालत होतो. ती परत स्टिअरिंगवर बसली आणि माझ्या बाजूचं दार आतून ओढून घेतलं.

"अगं, मी बसायचोय अजून."

"अहो, मला एक चक्कर एकटीनं मारायचीय."

मी हजार गोष्टी सांगणार होतो. तेल, आरसा, वळणावरचा खड्डा. म्हटलं, "जा."

गाडी आवाराच्या फाटकापाशी थांबली, सिग्नल दिला, रस्ता मोकळा व्हायची वाट बघितली आणि वळली. शेजारची सीट रिकामी होती. मी हात केला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती आरशात बघत होती.